इंदिरानगरचा बिनबोर्डाचा क्लास (तिसरी ते पाचवी, मराठी आणि गणित)

रेटिंग: 5 पैकी 4

नाशिकमध्ये तिसरी ते पाचवीसाठी क्लास शोधत असाल तर वाचा, थोडं लांबलंय. क्लास इंदिरानगरला, जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला एका बंगल्यात खालच्या खोलीत चालतो. बोर्ड नाही, अ‍ॅप नाही, लोक एकमेकांकडून ऐकून येतात. मॅडम जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेल्या. आधी पोरगा एका मोठ्या क्लासला होता, एसी, टॅब, रोज गणितांच्या शीटवर शीट, स्पीड वाढला हे खरंय पण शाब्दिक उदाहरण आलं की प्रश्न ठरलेला, "मम्मी यात बेरीज करू का गुणाकार?"

इथे अ‍ॅडमिशनच्या वेळी मॅडम मार्क नसलेली छोटी टेस्ट घेतात, एक दुसरीच्या लेव्हलचा उतारा आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं. असर म्हणून मुलांना वाचन-गणित किती येतं याचं सर्वेक्षण असतं, त्यात गावोगाव जी सर्वात वरची पायरी तपासतात ना, साधारण तेच. मला वाटलं पाचवीच्या पोराला हे काय विचारतात. तो उतारा फाडफाड वाचून मोकळा झाला आणि मॅडमनी विचारलं, "बरं, काय झालं यात?" तर गप्प!

मॅडमचं म्हणणं असं की चौथी-पाचवीत गणितात अडणारी बरीच पोरं खरं तर वाचनात अडलेली असतात, म्हणून दोन्ही विषय एकत्रच घेतात. उदाहरण आधी मोठ्याने वाचायचं, मग पुस्तक पालथं घालून आपल्या शब्दांत सांगायचं, काय दिलंय, काय विचारलंय, उत्तर अंदाजे किती यावं, आणि मग पेन्सिल. एकदा उदाहरण होतं, पांडवलेणीच्या सहलीला 137 मुलं, एका बसमध्ये 40 बसतात, तर बस किती लागतील? अर्ध्या बॅचने लिहिलं 3, बाकी 17. मॅडम म्हणाल्या, "मग या सतरा जणांना पायी पाठवू का?" पोरं खो खो हसली, पण त्यानंतर बाकी उरली की तिचं काय करायचं हा विचार आमचा आपोआप करायला लागला.

अपूर्णांकासाठी तर मी त्यांना वेगळे स्टार देईन. बहुतेक पोरांना एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा वाटतो कारण 4 मोठा ना 3 पेक्षा, आणि बेरीज करताना अंशात अंश छेदात छेद मिळवून अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश करून टाकतात, जे अर्ध्यापेक्षाही कमी आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मॅडम समच्छेदाचा नियम लगेच सांगतच नाहीत. सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घड्या घालून एकाखाली एक ठेवायला लावतात, बऱ्याच दिवसांनी नियम येतो, आणि तोही पोरंच सांगतात की दोन्हीचे सहा-सहा तुकडे करू मग जमेल. दशांशातही तेच, 0.25 मोठं का 0.5, तर पोरं 25 वर जातात. तिथे रुपये-पैशांवर आणलं की पटकन सुटतं. परिमिती-क्षेत्रफळ काडेपेटीच्या काड्यांवर, सोळा काड्यांचा चार बाय चारचा चौकोन केला तर आत 16 घरं, त्याच सोळा काड्यांचा सहा बाय दोनचा केला तर 12 च. कुंपण तेवढंच आणि जागा कमी, हे पोराने घरी येऊन मलाच शिकवलं 😄

वाचनाचं पण असंच. त्यांच्या एका उताऱ्यात आजी आभाळाकडे बघते आणि गच्चीवरचे पापड भराभर आत घ्यायला लागते, एवढंच लिहिलेलं. पाऊस हा शब्दच नाही. प्रश्न, आजीने घाई का केली? गाईडमधून प्रश्नोत्तरं पाठ केलेली पोरं उताऱ्यात तयार वाक्य शोधत बसतात, ते सापडत नाही मग रिकामं सोडतात. इथे "कशावरून म्हणतोस?" हे सारखं विचारतात, त्यामुळे हळूहळू सवय लागली. कठीण शब्द आला तर आधी मागच्या-पुढच्या वाक्यावरून अर्थ लावायचा आणि मग शब्दकोश. सावानाचं (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) कार्ड काढा म्हणून पण मागे लागतात, 1840 पासूनचं वाचनालय गावात आहे आणि पोरं मोबाईलवर, हे त्यांचं आवडतं लेक्चर, दर पालकसभेला ऐकावं लागतं.

आता एक स्टार का कापला. शिष्यवृत्तीची तयारी हवी असेल तर हा क्लास नाही. तिथे एका पेपरला दीड तासात 75 प्रश्न सोडवायचे असतात, त्याला वेगळा सराव लागतो आणि मॅडमना घड्याळ लावून पेपर घेणं आवडत नाही. सेमी इंग्लिशच्या, म्हणजे गणित इंग्लिशमधून शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीला छेद, विभाजक, परिमिती असे शब्द ऐकून गोंधळायला होतं, मॅडम इंग्लिश शब्दही सांगतात पण बोलण्याच्या ओघात विसरतात. पाढे मात्र तीसपर्यंत पाठ हवेतच, तिथे काहीच सूट नाही, मला ते जरा जास्तच वाटतं. आणि शाळेच्या मार्कांत लगेच फरक दिसेल असं समजू नका, आमच्याकडे पहिल्या घटक चाचणीत तर दोन मार्क कमीच आले कारण साहेब प्रत्येक उदाहरण विचार करत सोडवत बसले. पाचवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते त्यामुळे काही पालक या स्लो पद्धतीला घाबरून मध्येच सोडून जातात, ते मी समजू शकते.

फी महिन्याला 1200, आठवड्यातून चार दिवस, बॅचमध्ये दहा-बाराच मुलं. पार्किंगची बोंब आहे, टू व्हीलरच न्या. जूनची बॅच मार्च-एप्रिलमध्येच भरते. विचारायला संध्याकाळी सहानंतर जा, दुपारी बेल वाजवलीत तर मॅडम चिडतात.