ठाणे–नागपूर: काही महिन्यांनंतर विमानाचा हिशेब

राहायला ठाण्यात, काम नागपूरजवळच्या हिंगण्यात. त्यामुळे गेल्या हिवाळ्यापासून मुंबई–नागपूर विमानाच्या वाऱ्या चालू आहेत.

अंतर शोधलं की तीन आकडे समोर येतात आणि तिन्ही खरेच असतात: हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर, समृद्धीने ७०१, सीएसएमटीहून रेल्वेने ८३७. फक्त समृद्धीचा आकडा भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंतचा आहे, तुमच्या दारापासूनचा नाही.

तिकिटावर वेळ दीड तासाच्या आसपास असते. जेट ताशी आठशे-साडेआठशेने उडतं, मग एवढा वेळ का? कारण ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून नागपुरात उभं राहीपर्यंतची असते. शिवाय मुंबईतल्या खोळंब्यासाठी कंपन्या त्यात थोडा जादा वेळ आधीच धरून ठेवतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. जाताना रांगेत उभं राहायचं, येताना आकाशात घिरट्या घालायच्या. खाली कल्याणची खाडी दुसऱ्यांदा दिसली की शेजारचा माणूसही फोन पुन्हा खिशात ठेवतो.

हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. पाच-दहा मिनिटांचा फरक सहज पडतो. पावसाळ्यात ते उलटतात म्हणे, पण जुलैत मुंबईवर उतरताना ही मिनिटं मोजण्याच्या मनःस्थितीत कोण असतं!

खरा वेळ जमिनीवर जातो. ठाण्याहून मुंबई विमानतळाच्या टी-२ला (टर्मिनल २) पहाटे पाऊण तास, संध्याकाळी दीड तासही कमी पडतो. काउंटर तासभर आधी बंद होतो, त्यात सुरक्षा तपासणीची रांग. नागपूरची बाजू मात्र अगदी सोपी: सोनेगावचं विमानतळ शहरातच आहे, बर्डीला (सीताबर्डी) जायचं तर मेट्रोही आहे, आणि हिंगणा जवळ. तरी घरातून निघून कामावर पोहोचेपर्यंत मी पाच तास धरतो. दीड तासाचं विमान आहे म्हणून सकाळी अकराची मीटिंग आठच्या विमानावर ठेवणाऱ्यांना माझा नमस्कार.

इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि समृद्धी ठाणेकरांच्या कामाची झाली. १२०ची मर्यादा पाळून सलग गेलात तरी महामार्गावरच सहा तास. दोन थांबे आणि दोन्हीकडची शहरं धरून आठ. घरचे तिघं-चौघं, सोबत सामान असेल तर गाडीच घ्यावी, तिकिटांच्या मानाने स्वस्त पडते. एकट्याने नको. सरळसोट रस्त्यावर डोळे जड होतात, आणि हे दुपारीही होतं.

विमानापुरतं माझं मत: जाताना पहाटेचं, तेही पहिलंच. ते बहुतेकदा रात्री मुंबईतच मुक्कामाला असतं, म्हणून दुसरीकडचा उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. संध्याकाळचं परतीचं विमान मात्र दिवसभर शहरं फिरून आलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं की नागपूरच्या फलकावर वेळा सरकायला लागतात. ते मी आता घेतच नाही.

परतताना विदर्भ एक्सप्रेस. पाचनंतर नागपूर सोडते, म्हणजे काम चारला आवरावं लागतं, पण झोप पूर्ण होते आणि सकाळी थेट ठाण्याला उतरता येतं. काम लांबलंच तर रात्रीची दुरांतो.