टेबलावरची मार्शमेलो शेगडी: भरीत पार्टीवाल्या हातांनी घ्यावी का?

डिसेंबर लागला की जळगाव-भुसावळकडे शेतात भरीत पार्ट्या रंगतात. पण नाताळच्या सुटीत फ्लॅटमध्ये पोरं जमवायची तर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) काही घरात पेटवता येत नाही. त्यासाठी टेबलावरची मार्शमेलो शेगडी मिळते: चिनी मातीचा नाहीतर सिमेंटचा जाड वाडगा, आत जेल इंधनाचा डबा, वर जाळी आणि बांबूच्या चार काड्या. तिच्यावर मार्शमेलो भाजायचा आणि चॉकलेटच्या वडीसोबत दोन बिस्किटांत दाबून खायचा. चार-सहा जणांसाठी ही वस्तू चांगली आहे. पंधरा-वीस पोरांसाठी घेऊ नका.

आपल्याकडे भाजायचं म्हटलं की हात थेट जाळात जातो. भरताच्या वांग्याला ते चालतं, कारण करपलेली साल सोलून टाकायची असते. मार्शमेलोची मात्र सालच खायची असते. साखर, ग्लुकोज सिरप, जिलेटिन आणि भरपूर हवा, एवढाच तो गोळा. जिलेटिन 35 अंशांच्या आसपासच वितळतं, पण बाहेरून खरपूस रंग यायला त्याच्या कितीतरी पट धग लागते. जाळात धरला तर बाहेर कोळसा होतो आणि आतला गोळा गारच राहतो.

जेलची ज्योत निखाऱ्यासारखी चहूबाजूंनी धग देत नाही, ती खालूनच लागते. म्हणून ज्योतीच्या टोकापासून चार बोटं वर धरा आणि काडी सतत फिरवत राहा, साधारण दीड-दोन मिनिटं. आधी पांढरी साल चकाकते, मग फुगून ताणली जाते, मग कडेने बदामी रंग चढतो. काडी फिरवली तरी गोळा जागेवर राहून सैल लोंबू लागला, की झाला. घाई केली तर पेटतो. पेटला तर हळूच फुंकर मारा, काडी झटकू नका. उकळती साखर उडून कातडीला चिकटते आणि खोल भाजते. भाजलंच तर 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट लावू नका.

संचातली सगळ्यात कमकुवत गोष्ट म्हणजे काड्या. वीतभर काडीने लहान मुलाचा हात ज्योतीच्या फार जवळ येतो. लाकडी मुठीच्या, हातभर लांबीच्या कबाबच्या सळया वेगळ्या घ्या. बांबूच्याच वापरायच्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा.

जेलची ज्योत निळसर असते, उजेडात नीट दिसत नाही. त्यामुळे दिवे थोडे मंद करा, पंखा बंद ठेवा, एक खिडकी उघडी ठेवा. शेगडीखाली स्टीलची परात, आणि पडदे, शाली, ओढण्या लांब. बाटलीतून अल्कोहोल ओतायची शेगडी मात्र स्वस्त मिळाली तरी आणू नका. आधीची ज्योत दिसत नाही, माणूस वरून ओततो आणि आगीचा लोळ बाटलीपर्यंत येतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने डिसेंबर 2024 मध्ये अशा शेगड्यांविरुद्ध सरळ इशारा दिला होता. बंद डब्यातलं जेल त्या मानाने बरंच सुरक्षित.

गर्दी जास्त असेल तर ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, बरा. ट्रेमध्ये डायजेस्टिव्ह बिस्किटं मांडा, प्रत्येकावर एक मार्शमेलो, फक्त वरची कॉइल, 220 अंश, मधला कप्पा. मिनिटभरातच रंग चढतो आणि पुढच्या वीस सेकंदांत करपतो, तेव्हा दारापुढून हलू नका. मारी बिस्किट पातळ असतं, दाबलं की मोडतं.

हिवाळ्यात आणखी एक अडचण येते. आपल्याकडच्या थंडीत चॉकलेट दगडासारखं होतं आणि मार्शमेलोची ऊब जाड वडी वितळवायला पुरत नाही. पातळ वडी घ्या आणि बिस्किटासकट कोमट तव्यावर मिनिटभर ठेवा. कोको बटरचं चॉकलेट 34 अंशांच्या आसपास वितळतं. वनस्पती तुपाचं कंपाउंड चॉकलेट टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. आणि केळीच्या मुलखात राहून केळं वगळू नका: पिकलेल्या पण घट्ट केळ्याची अर्धा सेंटिमीटर जाड चकती चॉकलेटवर ठेवली की नुसता गोडमिट्टपणा मोडतो.

मार्शमेलोचं पाकीट घेताना चिन्ह बघा. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. घरात जैन किंवा शाकाहारी पाहुणे असतील तर हिरव्या ठिपक्याचंच घ्या. त्यात कॅराजीनन किंवा अगार असतं आणि त्याचं भाजणं वेगळं, म्हणून पार्टीआधी एक-दोन भाजून अंदाज घ्या. उघडं पाकीट कोरड्या हवेत एका रात्रीत वातड होतं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

संचात बहुतेक वेळा जेलचा एकच डबा येतो, त्यामुळे दुसरा आणून ठेवा. पहिला विझवताना फुंकर मारायची नाही, चिमट्याने झाकण सरकवायचं. डबा पूर्ण गार झाल्यावरच दुसरा आत बसवा.