क्वेकरांची मौनसभा: आस्तिक, नास्तिक आणि 'बघू' म्हणणारे

नाव ऐकून ओट्सचा डबा आठवला असेल तर तो फडताळात परत ठेवा. क्वेकर हा ख्रिस्ती परंपरेतून आलेला एक पंथ, आणि त्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. हे परीक्षण ब्रिटनमधल्या क्वेकरांच्या रविवारच्या उपासनेचं आहे, आणि कसोटी एकच: देव मानणारे, न मानणारे आणि 'बघू' म्हणणारे एका खोलीत तासभर बसतात, ते निभतं कसं?

बऱ्यापैकी निभतं. मुख्य कारण, त्या तासातला बराचसा वेळ कोणी बोलतच नाही.

खुर्च्या गोलात किंवा चौकोनात मांडलेल्या. मध्ये टेबल, त्यावर फुलं, बायबल आणि क्वेकरांचं स्वतःचं जाडजूड पुस्तक. पाद्री नाही, वेदी नाही, भजन नाही. सुरुवातीची घंटाही नाही. पहिला माणूस येऊन गप्प बसला की उपासना सुरू. म्हणून दहा मिनिटं आधी पोहोचा. उशीर झालाच, तर कोणी बोलत असताना दार ढकलू नका. शेवट दोन एल्डर, म्हणजे उपासनेची काळजी घेणारे सभासद, हस्तांदोलन करून करतात, मग सगळे शेजाऱ्याशी हात मिळवतात. इगतपुरीच्या विपश्यनेची सवय घेऊन जाणाऱ्यांचा इथे थोडा गोंधळ होतो, कारण श्वास बघा, शरीर बघा असं कोणी सांगत नाही. तंत्र शिकवतच नाहीत.

बोलायचा अधिकार सगळ्यांना आहे, पाहुण्यालाही. याला 'मिनिस्ट्री' म्हणतात. रीत अशी: उठून उभं राहायचं, दोन-तीन मिनिटांत संपवायचं, बसायचं. एका सभेत एकदाच. आधीच्या बोलण्यानंतर चांगला वेळ जाऊ द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर द्यायचं नाही. मतभेदांचा सगळा डोलारा या शेवटच्या नियमावर उभा आहे. एक बाई उठून म्हणते, ख्रिस्ताने माझा हात धरला. शेजारचा नास्तिक 'ख्रिस्त'च्या जागी मनातल्या मनात 'माणुसकी' घालून ऐकतो. क्वेकर या सवयीला भाषांतर करणंच म्हणतात. २०१३ च्या सर्वेक्षणात ब्रिटनमधल्या सुमारे १४ टक्के क्वेकरांनी देव मानत नसल्याचं सांगितलं होतं. म्हणजे हे भाषांतर दर रविवारी चालूच असतं.

बिघडतं तेही इथेच. बाई खाली बसताच दोन मिनिटांत कोणीतरी उठून 'ते ठीक आहे, पण...' म्हणतं. तिसरा दोघांत समेट घालायला उठतो, आणि उपासनेची चर्चासभा होते. सकाळी रेडिओवर ऐकलेली बातमी उगाळणारे हा दुसरा नमुना. क्वेकर स्वतःच त्यांची थट्टा करतात. एल्डरांनी नंतर बाजूला घेऊन हळूच सांगायचं असतं, पण भिडस्तपणापायी बऱ्याच ठिकाणी ते राहून जातं. काही सभांनी एक पळवाट काढली आहे, आणि ती चांगली आहे: हस्तांदोलनानंतर दहा मिनिटं, मनात आलं पण उठावंसं वाटलं नाही, ते सांगण्यासाठी. पुटपुटत बोलणारे पुष्कळ असल्याने ऐकू कमी येणाऱ्यांनी आधीच विचारून लूप (श्रवणयंत्रात थेट आवाज पोहोचवणारी सोय) चालतो त्या बाजूला बसावं.

खरी उणीव वेगळीच आहे. मौनात सगळं झाकलं जातं. शेजारचा काय मानतो हे दहा वर्षं कळत नाही. कळतं ते कामकाजाच्या सभेत, एखाद्या मजकुरात 'देव' हा शब्द ठेवायचा की नाही यावर. तिथे मतदान नसतं. क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा, सगळ्यांसमोर ठराव लिहितो, वाचतो, आणि मान्य असलेले 'हो' न म्हणता 'होप सो', म्हणजे 'आशा आहे' म्हणतात. अतिशय संथ काम. पण समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचा २००९ चा निर्णय याच पद्धतीने झाला. पद्धत दर वेळी तारतेच असंही नाही: १८२७ मध्ये फिलाडेल्फियाचे क्वेकर अंतरीचा प्रकाश (प्रत्येकाला आतून मिळणारं देवाचं मार्गदर्शन) मोठा की बायबल, या वादात दुभंगले.

'अ‍ॅडव्हायसेस अँड क्वेरीज', म्हणजे 'सल्ले आणि प्रश्न', ही ४२ कलमांची पुस्तिका खोलीत कुठेतरी असतेच. सतरावं कलम नक्की वाचा. आपलं चुकत असेल हेही शक्य धरा, असा त्याचा शेवट आहे. वाद शमवायला सगळ्यात जास्त तेच उद्धृत होतं, आणि खरं सांगायचं तर बहुधा समोरच्याला उद्देशून.

हे सगळं ब्रिटिश पद्धतीपुरतं. जगात सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत आणि तिथे पाद्री, प्रवचन, दणदणीत गाणी असतात. मौनाच्या अपेक्षेने तिकडे गेलात तर फसाल.

लंडनमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याला युस्टन स्टेशनसमोरचं फ्रेंड्स हाउस, म्हणजे ब्रिटिश क्वेकरांचं मुख्यालय, सोपं पडतं. गोलमेज परिषदेसाठी १९३१ साली लंडनला पोहोचलेल्या गांधीजींचं स्वागत याच इमारतीत झालं होतं. सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, काम केलेल्या मार्जरी साइक्सही क्वेकरच. आत कॅफे आहे. उपासनेला पैसे पडत नाहीत, कपड्यांचा नियम नाही, कोणी ताट फिरवत नाही. नंतर चहा-बिस्किटं. तुम्ही काय मानता हे त्या चहावरही सहसा कोणी विचारत नाही. तो विषय सभासद व्हायचा अर्ज केल्यावर निघतो, दोन क्वेकर तुमच्याशी निवांत बोलायला येतात तेव्हा.