पुण्यात एएमटी गाडी: वर्षभर चालवल्यावर

गेल्या पावसाळ्यात १.२ लिटर पेट्रोलची एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली) हॅचबॅक घेतली. घर कर्वेनगरला, ऑफिस हिंजवडीला. म्हणजे रोज चांदणी चौक, बायपास आणि पुढे भूमकर चौकाची रांग. आधीच्या मॅन्युअल गाडीत घरी पोचेपर्यंत डावी पोटरी भरून यायची. ते पार थांबलं. त्यासाठीच पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. पण चढ आणि पार्किंग या दोन गोष्टी शोरूममध्ये कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आत काय असतं ते बघा. एएमटीत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लचप्लेट असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्याऐवजी ॲक्चुएटर नावाची यंत्रणा करते. म्हणून ती इतर ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त पडते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आपल्याकडे आली, आता छोट्या गाड्यांत सर्रास मिळते. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना गाडी किंचित अडखळते, हे खरं आहे. त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरासा सैल सोडला की झटका जवळजवळ जाणवत नाही. पायाला ती लय लवकर सापडते.

ट्रॅफिकमध्ये तर सुखच आहे. ब्रेक सोडला की गाडी आपसूक सरकते, दाबला की थांबते. लांबलचक सिग्नलला मी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढतो.

चढावर मात्र सांभाळा. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी दोनेक सेकंद धरून ठेवते, नसेल तर मागे येते. अशा वेळी बरेच जण ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरतात. तसं करू नका. त्यात क्लचप्लेट घासत राहते, तापते, जळका वास येतो. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प चांगलाच उभा आहे आणि वर गेटपाशी नेहमी कुणीतरी आडवं असतं. तिथे मी सरळ हँडब्रेक ओढून थांबतो. वाट मोकळी झाली की हलकं रेस करायचं, गाडी ओढ घेतेय असं वाटलं की हँडब्रेक सोडायचा. एक इंचही मागे येत नाही.

आता पार्किंग. बहुतेक एएमटीत ‘पी’ (चाकं अडकवून ठेवणारा पार्किंगचा खटका) नसतो. सपाटीवर नुसत्या हँडब्रेकवर भागतं, पण उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक पूर्ण ओढायचा. रिव्हर्स टाकल्यावर मीटरवर ‘आर’ दिसेपर्यंत थांबा; सेकंदभर लागतो, घाई केली तर नुसतं इंजिन गुरगुरतं. सदाशिव पेठेतल्या दोन गाड्यांच्या फटीत नुसत्या ब्रेकवर गाडी बोटभर बोटभर मागे घेता येते, हे मॅन्युअलला इतक्या सहज जमत नाही. पण चाकाखाली दगड किंवा रस्त्याची कड आली की गाडी अडते, आणि रेस दिल्यावर ती एकदम उसळून मागच्या बंपरवर जाऊ शकते. तिथे ब्रेकवर पाय तयार ठेवूनच रेस द्या. सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलणाऱ्या पार्किंगच्या पी-वन, पी-टूच्या पाट्या पाहूनच गाडी लावा. ३१ नंतर १ तारीख येते, दोन्ही विषम, त्या दिवशी बाजू बदलत नाही! लक्ष्मी रोडला मात्र मी गाडी नेतच नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून मेट्रो थेट मंडईपर्यंत जाते. नळ स्टॉपहून बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायचं.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. बाबांचा डावा गुडघा दुखायला लागल्यापासून त्यांनी गाडी सोडली होती. पहिल्यांदा या गाडीत बसले तेव्हा गिअरच्या दांड्यावर हात ठेवून डावा पाय सारखा क्लच शोधत होता. मी म्हटलं, “बाबा, तो पाय मागे घेऊन ठेवा, त्याला काही काम नाही.” कर्वे पुतळ्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, “उद्या आईला डॉक्टरकडे मीच नेतो.” आता नेतात.

नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी ‘डी’मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या मोडमध्ये) ठेवू नका. मॅन्युअल मोडला घेऊन तिसरा गिअर धरा, म्हणजे इंजिनच गाडी आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. त्या उतारावर किती अपघात होतात ते आपण पेपरात वाचतोच. बायपासवर ट्रकला ओव्हरटेक करतानाही आधी एक गिअर खाली घ्या. नाहीतर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर विचारात पडते, आणि नेमका तोच क्षण महाग पडू शकतो.

मायलेज शहरात १३-१४, बायपासवर १७-१८. मॅन्युअलपेक्षा फारसा फरक नाही. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सपाट रस्त्यावर फिरवून आणतात. तुम्ही गाडी आपल्या सोसायटीच्या रॅम्पवर न्या, मध्येच थांबवा, परत उचला, आणि नंतर रिव्हर्समध्ये आपल्या जागेत लावून बघा.