थिएटरमधले मूळ रंग: प्रिंट स्कॅन की ब्लू-रेची दुरुस्ती?

जुन्या सिनेमाचे थिएटरात दिसायचे ते रंग परत आणायचे, तर बेळगाव-निपाणीकडच्या हौशी मंडळींपुढे वाटा दोनच. पहिली, 35 मिमी प्रिंट, म्हणजे थिएटरात चालायची ती फिल्मची रिळं, मिळवून फ्रेम न् फ्रेम स्कॅन करायची. 1977 च्या 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांनी हेच केलं. टेक्निकलर कंपनीच्या डाय-ट्रान्सफर, म्हणजे फिल्मवर रंग छापून केलेल्या, प्रिंटचे रंग टिकतात. आपल्याकडे सापडतात त्या प्रिंट बहुधा ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या. त्यांतला सायन (निळसर-हिरवा) थर आधी उडतो आणि नायिकेसकट अख्खं गाव गुलाबी होतं. खानापूरसारख्या दमट हवेत ॲसिटेट (प्लास्टिकच्या) फिल्मला सडून आंबूस वास सुटायचाही धोका. जो रंग उडालाच, तो स्कॅनर कुठून आणणार? वर खर्चही भारी.

दुसरी वाट, ब्लू-रेचे रंग संगणकावर सुधारायचे. डाविंची रिझॉल्व्ह या रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती सुरुवातीला पुरते, चित्रही स्वच्छ. पण आधार कशाचा? 'तेव्हा शालू असाच दिसायचा' हा पुरावा नव्हे. लोकांना आठवतो तो बहुधा टीव्हीवरचा रंग. न उडालेल्या प्रिंटच्या चार फ्रेम तरी हव्यातच. त्यातही प्रोजेक्टरमधल्या कार्बन आर्क दिव्याचा उजेड वेगळा, झेनॉन दिव्याचा वेगळा.

माझा कौल: प्रिंट धड असेल तर स्कॅन. नुसते तुकडेच धड असतील तर त्यांवरून ब्लू-रे जुळवा. दोन्ही नसेल तर रंगांना हात लावू नका. आणि हक्क निर्मात्याचे आहेत. जत्रेत पडदा बांधून दाखवायचं मनातही आणू नका.