डिडीच्या पुढचा हालरफॉर्डन : काय बघावं, काय गाळावं

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘डिडीज कॉमेडी शो’ पाहिलेल्यांना डीटर हालरफॉर्डन हा जर्मन नट धडपडण्यापुरताच ठाऊक असतो. तो कार्यक्रम म्हणजे ‘नॉनस्टॉप नॉनसेन्स’ (१९७५-८०) या मालिकेचा परदेशी अवतार. मूळ मालिका आज बघायची तर एक भान ठेवा. डिडी या त्याच्या धांदरट पात्राची धांदल कोणत्याही भाषेत चालते, पण शब्दांच्या कोट्या सबटायटलमध्ये हमखास मरतात.

अपवाद मालिकेतल्या ‘पालिम पालिम’ या प्रहसनाचा. तुरुंगाच्या कोठडीत दोन कैदी वेळ जात नाही म्हणून दुकान-दुकान खेळतात. डिडी गिऱ्हाईक होतो, दाराच्या घंटीचा आवाज तोंडानेच काढतो आणि बाटलीभर फ्रेंच फ्राइज मागतो. सोबती चिडतो, फ्राइज बाटलीत मिळतात होय? मग भूमिकांची अदलाबदल. सोबती नीट, शहाण्यासारखे फ्राइज मागतो आणि दुकानदार झालेला डिडी विचारतो, ‘बाटली आणलीय का?’ सगळी गंमत त्याच्या निर्विकार चेहऱ्यात आहे. विनोद झाल्याचं त्या चेहऱ्याला जणू कळलेलंच नसतं.

ऐंशीतले डिडीपट बहुतेक गाळले तरी चालतील. पाच मिनिटांची गंमत दीड तास ताणली की विरते. ‘डिडी – डेअर डॉपेलगेंगर’ (१९८४) मात्र बघा. बारवाला ब्रूनो एका बड्या उद्योगपतीचा तोतया बनतो, दोघेही हालरफॉर्डनच. साहेब म्हणून वावरायला त्याला मोजकी वाक्यं पुरतात : ‘मला आणखी तपशील हवेत’, ‘लिहून ठेवा, नंतर बघतो’. कंपनी बिनबोभाट चालते! कुठल्याही ऑफिसात काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

खरं तर सुरुवात ‘डास मिलिओनेनश्पील’पासून (१९७०) करावी. टीव्हीवरच्या एका खेळात स्पर्धकाने आठवडाभर मारेकऱ्यांपासून जीव वाचवायचा, बक्षीस दहा लाख मार्क. मारेकऱ्यांचा म्होरक्या हालरफॉर्डन. डिडीचा जन्म व्हायचा होता, त्यामुळे इथे तो थंड, कोरडा आणि भीतिदायक आहे. तोच निर्विकार चेहरा, फक्त हसू काढून घेतलेला. डिडी बघितल्यानंतर हा चित्रपट लावलात तर पहिली दहा मिनिटं उगाच हसू येईल आणि मजा जाईल.

उतारवयातलं सर्वोत्तम काम ‘झाइन लेट्स्टेस रेनेन’ (२०१३). १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला मॅरेथॉनविजेता आता वृद्धाश्रमात आहे. तिथे चेस्टनटच्या फळांच्या बाहुल्या करायला बसवतात, म्हणून तो बागेत पळायला लागतो आणि बर्लिन मॅरेथॉनचा ध्यास घेतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या नटाचं धावणं इथे खरं वाटतं, कारण पावलांचा ताल आणि दम लागण्याची जागा त्याने विनोदी नटाच्या काटेकोरपणाने सांभाळली आहे. २०१४ची लोला, म्हणजे जर्मन चित्रपट पुरस्कार, त्याला याच भूमिकेसाठी मिळाली. शेवट जरा गोडगोड आहे, पण चालतो.

‘होनिग इम कॉप्फ’ (२०१४) जर्मनीत तुफान चालला, सत्तर लाखांहून जास्त प्रेक्षक. अल्झायमर झालेले आजोबा नातीबरोबर व्हेनिसला निघतात. आजोबा झालेला हालरफॉर्डन फ्रिजला मुतारी समजण्याचा प्रसंग इतक्या सरळपणे करतो की हसावं की नाही, कळत नाही. दिग्दर्शक टिल श्वायगर मात्र दर चार सेकंदांनी कट मारतो आणि वर गाणी ओततो. चेहरा वाचायला जरा उसंत मिळेल तर शपथ.

शक्यतो डब केलेली प्रत घेऊ नका, सबटायटल बरी. त्याच्या आवाजातली खरखर डबिंगमध्ये पुसली जाते आणि म्हाताऱ्याच्या भूमिकांमध्ये अर्धं काम तिचंच आहे.