थारला २ इंच लिफ्ट अन् मड टायर : दीड वर्ष वापरून काढून टाकलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू गाडीचा नाही, गाडी घेतल्यावर मी जे उद्योग करून ठेवले त्यांचा आहे. गाडी म्हणजे ३ दारांची थार, डिझेल, फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद देता येते अशी), २०२२ ची. नोकरी बीडला, आखाडा (शेतातलं घर) मांजरसुंब्याच्या पुढं, हायवे सोडला की ३ किलोमीटर पांदण अन् ती सगळी काळ्या रानातून. म्हणजे घाट, डांबर, बीडातले स्पीडब्रेकर अन् शेवटी माती, रोजचं सगळं एकाच गाडीवर. मागं बसायचं तर पुढची सीट पाडून चढावं लागतं हे घेतानाच दिसत होतं, त्यामुळं त्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही.

कंपनीतून येतानाच ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, ६५० मिमी पाण्यातून जाईल असं दिलेलं, वर लो रेंज (हळू पण जास्त जोरानं ओढणारा गिअर). आमच्या पांदणीला एवढं मोप होतं खरं तर. पण रात्री व्हिडिओ बघून बघून डोक्यात किडा शिरला अन् संभाजीनगरला एका दुकानात (नाव घेत नाही) २ इंचाचं लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगा) अन् मड टायर (चिखलासाठीचे) चढवून आलो. येताना एवढा रुबाब वाटायला लागला की गेवराईला चहाला थांबलो तर चहा कमी अन् गाडीकडंच जास्त बघत बसलो.

रुबाब आठवडाभर टिकला. स्प्रिंगा लई टणक निघाल्या. नंतर कळलं की तसल्या स्प्रिंगा पुढं लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी) असलं कायमचं वजन लावणाऱ्यांसाठी असतात, माझ्या गाडीवर लिंबू-मिरचीशिवाय जास्तीचं काहीच नाही. मग काय, रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात मागून उडायची, अन् डिकीत सरकी पेंडीची दोन पोती टाकली की लगेच शहाण्यासारखी चालायची. गिऱ्हाइकाला आधी विचारायचं असतं की बाबा गाडीवर वजन काय टाकतोस, ते दुकानदारानं विचारलंच नाही अन् मला सुचलं नाही. टायरचा आवाज ८० च्या पुढं एवढा की फोनवर बोलताना समोरचा विचारायचा, गिरणीत आहेस का? मायलेज १३ वरून १० वर. आईचे गुडघे आधीच दुखतात, ती दारात उभी राहून म्हणायची, पाट आण नाहीतर मी एसटीनं जाते. अन् एकदा खरंच गेली.

बरं, एवढं सोसून चिखलात तरी फायदा झाला का? २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं जो पाऊस झाला, त्यात कळलं. आमची काळी माती ओली झाली की फुगते अन् गोंदासारखी चिकटते. मड टायरची खाच मोठी असती, टायर जोरात फिरला की चिखल फेकून देतो, हे खरंय, पण त्याला वेग पाहिजे, अन् पांदणीत दोन्हीकडून बांध, वेग कुठून आणणार? पन्नास फुटात चारी चाकं पुरणाच्या गोळ्यासारखी झाली, मडगार्डात चिखल गच्च बसला, मी फोर एलला (चारी चाकं, लो रेंज) टाकलेली, चारी चाकं गरागरा फिरायलीत अन् गाडी पुढं जायच्या ऐवजी आडवी सरकून बांधाला टेकली. शेजारचे काका ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी लावता लावता म्हणले, "फोर बाय फोर ना हो ही?" मी गप्प. मग म्हणले, "वापसा तर येऊ द्यायचा की."

त्याच महिन्यात सगळं काढलं. कंपनीच्या जुन्या स्प्रिंगा घातल्या, अन् मूळ साइजचे ऑल टेरेन (डांबर अन् माती दोन्हीला चालणारे) टायर. आता खरी गंमत टायरच्या हवेत आहे. माझा हिशोब असा, डांबरावर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), पांदण सैल असली की २२, अन् परत हायवेला लागायच्या आधी लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरनं भरून घ्यायची, वीसएक मिनिटं जातात पण बसणं एकदम वेगळं होतं. पंपावर मात्र जवळ उभं राहा, हवावालं पोरगं न विचारता ४० ठोकून मोकळं होतंय अन् मग आपण सस्पेन्शनला शिव्या देत फिरतो.

अजून एक, पांदणीतून वर आल्यावर लिव्हर टू एचला (फक्त मागच्या चाकांना ताकद) आणायची विसरू नका. या गाडीत सेंटर डिफरन्शियल (पुढच्या अन् मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळं कोरड्या डांबरावर फोर एचमध्ये (चारी चाकं, पण लो रेंज नाही) वळवली की पुढची अन् मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण सुटायला जागा नसती, स्टेअरिंग जड होतं अन् गाडी ओढल्यासारखी वाटते. मी एकदा तशीच घाटापर्यंत आणली होती, मेव्हणा शेजारी बसून विचारतोय, ब्रेक धरलाय का?

मार्क द्यायचेच तर लिफ्टला ५ पैकी १, मड टायरला २ (ते पण दिसण्याचे), अन् त्या छोट्या कॉम्प्रेसरला साडेचार, अर्धा त्याच्या आवाजाचा कापला. आई परत गाडीत बसते, साइड स्टेप लावून घेतलीय. लिफ्टच्या स्प्रिंगा अन् चार मड टायर आखाड्यावर पडलेत, कुणाला पाहिजे असतील तर या, फक्त एका टायरमधी कोंबडी अंड्यावर बसलीय, ती उठंस्तोवर तीनच मिळतील.